शर्यतीनंतरचा घोडा : उडीच्या शर्यती, कोल्ह्याची शिकार आणि गुंजण मावळातील पागा

१

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने नसरापुरापर्यंत जाऊन पश्चिमेस वेल्ह्याच्या वाटेला लागले म्हणजे गुंजवणीच्या खोऱ्यात मार्गासनी हे गाव लागते. येथे वाटेला फाटा फुटतो. एक वाट सरळ वेल्ह्यास, म्हणजे तोरण्याच्या पायथ्यास जाते. दुसरी डावीकडे साखर गावावरून गुंजवण्यास, म्हणजे राजगडाच्या पायथ्यास पोचते. हा सारा मुलूख जुन्या गुंजण मावळाचा व त्याला लागून असलेल्या कानद खोऱ्याचा. पूर्वीच्या वेल्हे तालुक्यास आता राजगड हेच नाव देण्यात आले आहे, आणि ते अन्वर्थक आहे. कारण रायगडास राजधानी जाण्यापूर्वी सुमारे पाव शतक मराठी राज्याचा कारभार याच डोंगरावरून चालला.

ज्या राज्याचा पराक्रम घोड्याच्या टापांवर मोजला गेला, त्याच्या पहिल्या राजधानीच्या पायथ्याशी उभे राहिले असता एक साधा प्रश्न मनात येतो : या घोड्यांचे धावणे संपल्यावर पुढे काय होत असे? लढायांचा इतिहास घोडा मोजतो तो संख्येने. अमुक हजार स्वार चालून गेले, अमुक शे घोडी पाडाव झाली, एवढे तो सांगतो. शर्यतीचा इतिहासही याहून फारसा निराळा नाही. शर्यतीच्या वार्षिक नोंदवह्यांत घोड्याचे नाव, त्याचा वंश, त्याने उचललेले वजन व जिंकलेली बक्षिसे असतात. शेवटच्या शर्यतीबरोबर ती नोंद संपते. घोडा मात्र त्या दिवशी संपत नाही.

इंग्लंड व आयर्लंड या देशांत या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर निर्माण झाले होते. उडीच्या शर्यतीतून, ज्यांना तिकडे ‘स्टीपलचेस’ म्हणतात त्यांतून, निवृत्त झालेला घोडा एखाद्या कुटुंबात जाई, आणि तेथे शिकारी कुत्र्यांमागून खोकडाच्या शिकारीस नेणारा घरचा घोडा म्हणून उरलेले आयुष्य काढी. ही प्रथा कशी उत्पन्न झाली, पुणे प्रांतात ती आणली गेली तेव्हा तिचे काय झाले, आणि आपल्याकडे तिच्या जागी कोणती व्यवस्था होती, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा अवश्य आहे. इंग्रजी गोष्टींतील ‘फॉक्स’ आपल्या शालेय पुस्तकांत ‘कोल्हा’ होऊन बसला. पण ते दोन प्राणी भिन्न होत. कोल्हा हा लांडग्याच्या कुळातला आणि अंगाने मोठा. ‘फॉक्स’ला जवळचा असा आपल्या माळरानावरचा प्राणी म्हणजे झुबकेदार शेपटीचे लहानसे खोकड. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

२

परंपरा असे सांगते की, आयर्लंडातील कॉर्क परगण्यात इ. स. १७५२ मध्ये एडमंड ब्लेक व कॉर्नेलियस ओ’कॅलॅघन या दोन गृहस्थांनी परस्परांशी एक पैज मारली. बटेव्हंट येथील चर्चपासून डोनरेल येथील चर्चपर्यंत, सुमारे साडेचार मैल, घोडे फेकावयाचे. आणि मध्ये कुंपण, चर, ओढा, दगडी बांध जे काही आडवे येईल ते ओलांडून दूरवर दिसणाऱ्या चर्चच्या मनोऱ्याचा रोख धरून जावयाचे. ‘स्टीपल’ म्हणजे तो मनोरा. त्यावरून या शर्यतीला नाव मिळाले. अशा पैजा शिकारीच्या घोड्यांवर लावल्या जात, कारण अनोळखी रानातून उड्या मारीत जाण्याची सवय त्यांनाच असे. खोकडाची शिकार ही आधीची व उडीची शर्यत ही तिच्या पोटी जन्मलेली, असा हा क्रम आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात या पैजांना आखीव मैदान, निश्चित अडथळे आणि बक्षिसाची रक्कम यांचे रूप आले. लिव्हरपूलजवळच्या एंट्री येथील ग्रँड नॅशनल ही शर्यत १८३९ मध्ये ‘लॉटरी’ नावाच्या घोड्याने जिंकली, तेव्हापासून तिची ख्याती वाढत गेली. चार मैलांहून अधिक अंतर आणि तीस उड्या असे तिचे आजचे स्वरूप आहे. तथापि शर्यत शिकारीपासून स्वतंत्र झाली तरी नाते तुटले नाही. उडीच्या शर्यतींचे नियमन करण्यासाठी १८६६ मध्ये जी समिती झाली तिचे नाव ‘नॅशनल हंट’ असेच ठेवण्यात आले. शिकारीच्या घोड्यांसाठी राखून ठेवलेल्या शर्यतींत उतरावयाचे तर त्या घोड्याने हंगामात कुत्र्यांमागून शिकार केली आहे असा शिकारप्रमुखाचा दाखला लागे.

यावरून असे दिसते की, शर्यतीचा घोडा शिकारीत जाणे ही त्याची अवनती मानली जात नसे. तो आपल्या मूळच्या धंद्यास परत जात असे. शिवाय वयाचाही हिशेब होता. सपाट मैदानावर धावणारा घोडा दोन-तीन वर्षांचा असतानाच शर्यतीत उतरतो. उडीच्या शर्यतीचा घोडा मात्र उशिरा तयार होतो व दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत धावू शकतो. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो. म्हणजे शर्यत संपली त्या वेळी निम्मे आयुष्य अजून पुढे असे. ते निम्मे आयुष्य कोणी पोसावयाचे, हाच सारा प्रश्न होता. शिकारीने त्याला काम दिले, आणि काम असल्यामुळे चंदीही मिळाली.

३

परंतु केवळ उडी मारता येते म्हणून शर्यतीचा घोडा आपोआप घरचा घोडा होत नाही. या संक्रमणात त्याला जे शिकावे लागे त्याहून जे विसरावे लागे ते अधिक होते. शर्यतीत त्याला शिकवलेले असते ते एवढेच : बाजूला दुसरा घोडा आला की पुढे सरावयाचे. शिकारीत चाळीस-पन्नास घोडी एकत्र असतात. तेथे प्रत्येक वेळी पुढे सरणारा घोडा स्वारालाही नको असतो व इतरांनाही. शर्यत काही मिनिटांत आटोपते. शिकारीचा दिवस सकाळपासून दुपार टळेपर्यंत चालतो, आणि त्यातील पुष्कळसा वेळ रानाच्या कडेला थंडीत उभे राहण्यात जातो. कुत्री पायांत आली तरी लाथ झाडावयाची नाही, फाटक उघडेपर्यंत थांबावयाचे, अरुंद पुलावर एकामागून एक जावयाचे, मागे पडले तरी चौखूर उधळावयाचे नाही, असा हा नवा अभ्यास होय. जो घोडा पूर्वी वेगासाठी नावाजला गेला, त्याची योग्यता आता थांबण्यावरून ठरू लागे.

हा अभ्यास पुरा झाला म्हणजे त्या घोड्यावर एकाच स्वाराची मालकी राहत नसे. आज घरधनी, उद्या गृहिणी, सुट्टीत मुलगा, आणि अखेरीस धाकटी मुलगी, अशा क्रमाने तो हळूहळू सगळ्या घराचा होई. वय वाढेल तसा स्वार लहान होत जाई, हा या प्रथेतील एक हृद्य भाग आहे. मोठ्या उड्या झेपेनात तेव्हा तो मुलांना लहान उड्या शिकवी. ज्याने शर्यतीत नामांकित स्वारांची सत्ता मानली, तो एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या हलक्या हाताखाली शांतपणे चाले.

या प्रकारच्या उत्तरायुष्याचे एक सुविख्यात उदाहरण उडीच्या शर्यतीतले नसून सपाट शर्यतीतले आहे, पण महाराष्ट्राच्या वाचकास ते परके वाटू नये. दुसऱ्या बाजीरावास गादीवर परत बसविण्यासाठी जो आर्थर वेलस्ली २० एप्रिल १८०३ रोजी आपल्या घोडदळासह पुण्यात शिरला, आणि त्याच वर्षी अहमदनगर व असई येथे लढला, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याचा ‘कोपनहेगन’ हा घोडा १८०८ साली जन्मलेला व प्रख्यात ‘एक्लिप्स’च्या वंशातला. तो आधी शर्यतीत धावला, पण तेथे विशेष चमकला नाही. १८१३ च्या सुमारास तो वेलिंग्टनकडे आला, आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर दिवसभर त्याने धन्याला वाहिले. युद्ध संपल्यावर वेलिंग्टनच्या स्ट्रॅटफील्ड से या घरी तो राहिला. तेथे पाहुण्यांनी व मुलांनी त्याचे कौतुक केले, आणि १८३६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच घराच्या आवारात त्याला लष्करी मानाने मूठमाती मिळाली. शर्यतीत मागे पडलेल्या घोड्याचे नाव आज इतिहासास ठाऊक आहे ते अर्थातच वॉटर्लूमुळे. परंतु वॉटर्लूनंतरची एकवीस वर्षे त्याला जगविले ते घराने.

४

आता ही प्रथा पुणे प्रांतात आली तेव्हा काय झाले ते पाहू. इंग्रजांची लष्करी ठाणी जेथे जेथे वसली तेथे तेथे शर्यतीचे मैदान हे छावणीचे एक अंगच होऊन गेले. पुण्याच्या लष्करातील मैदान १८३० पासूनचे. मुंबईत शर्यती प्रथम भायखळ्यास होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीस गेल्या. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास राहावयास येई, त्याबरोबर सरकारी कचेऱ्या, सरदार व सावकार मंडळी येत. म्हणून शर्यतींचा हंगामही पावसाळ्यात पुण्यास व हिवाळ्यात मुंबईस असा वाटला गेला. ही वाटणी पुढे रूढच झाली. घोड्यांचा पुरवठा मुंबईच्या बंदरातून होई. बसरा व इराणी आखाताच्या बाजूने येणाऱ्या अरबी घोड्यांचा मुंबई हा हिंदुस्थानातील फार मोठा बाजार होता. पुढे ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या ‘वेलर’ घोड्यांनी लष्करात त्यांची जागा बरीचशी घेतली.

शिकारीचा नाद येथील इंग्रज अंमलदारांना आरंभापासून होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्यास वकील असतानाही घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करी. पण ती देशी परिस्थितीतून निघालेली शिकार होती. विलायतेतील खोकडशिकारीची खरी नक्कल करावयाची तर विलायती शिकारी कुत्र्यांचा ताफा पाहिजे. तसे ताफे मुंबईस होते, आणि पुणे–खडकीच्या छावणीसही होते. मात्र पाठलाग होई तो कोल्ह्याचा. आपले खोकड आकाराने लहान, पळताना झटकन वळणारे व जवळच्या बिळात शिरणारे. त्याच्यामागे लांब पल्ल्याचा पाठलाग होत नाही. कोल्हा मात्र सरळ व दूरवर पळतो. म्हणून नाव खोकडशिकारीचे व पाठलाग कोल्ह्याचा, अशी ही तडजोड झाली.

हवामानानेही या शिकारीचे रूप पालटले. वास जमिनीवर टिकतो तो दंव असेपर्यंत. ऊन चढले की कुत्री निरुपयोगी होतात. म्हणून पहाट फुटण्यापूर्वीच निघावे लागे, आणि विलायतेत जी दिवसभराची गोष्ट ती येथे न्याहारीच्या वेळेपूर्वी आटोपे. विलायती कुत्री येथील उन्हाने व रोगांनी मरत, आणि ताफा टिकवावयाचा तर नवी कुत्री जहाजाने आणावी लागत.

या नक्कलेत घोड्याचे दुसरे आयुष्य कितपत उतरले? वरवर पाहता उत्तम उतरले असे वाटते. मर्यादित पगाराच्या अंमलदाराला शर्यतीसाठी एक, शिकारीसाठी दुसरा व कवायतीसाठी तिसरा असे घोडे पाळणे परवडत नसे. त्यामुळे एकच घोडा अनेक कामे करी, आणि शर्यतीतून उतरलेल्या घोड्याला कोल्ह्यामागे धावण्याचे काम मिळे. परंतु मूळ प्रथेतील एक अंग येथे नव्हते, आणि ते म्हणजे घर. छावणीतील कुटुंब हेच मुळी बदलीचे कुटुंब. पलटण हलली की बंगला सुटे, सामानाचा लिलाव होई, आणि त्या सामानाबरोबर घोडाही विकला जाई. विलायतेत घोडा एकाच घरात राही आणि स्वार बदलत. येथे घोडा राही तो छावणीत, आणि त्याच्या भोवतीची घरेच बदलत. त्याला सातत्याने ओळखणारा माणूस कोणी असेल तर तो त्याचा साईस. खरारा करणारा, तोबरा बांधणारा, अगाडी-पिछाडी सोडणारा हात तोच. या मनुष्याचे नाव शर्यतीच्या नोंदीत नाही आणि शिकारीच्या आठवणींतही क्वचितच येते.

अपवाद होते, पण ते अधिकाराच्या शिखरावरचे. पुढे फील्ड मार्शल झालेल्या रॉबर्ट्सने १८७७ मध्ये मुंबईस ‘व्होनोलेल’ नावाचा एक करडा अरबी घोडा विकत घेतला. काबूल ते कंदाहार या १८८० च्या प्रसिद्ध कूचीत तो त्याच्याबरोबर होता. राणी व्हिक्टोरियाने त्या घोड्यास पदके देण्याची परवानगी दिली. आणि १८९९ मध्ये डब्लिनच्या किल्मेनहॅम येथे धन्याच्या निवासाजवळच त्याचे दफन झाले. मुंबईच्या बाजारातून निघालेला एक घोडा मरेपर्यंत एकाच घरी राहिला, कारण त्याच्या धन्याला त्याला समुद्रापलीकडे नेणे शक्य होते. सामान्य लेफ्टनंटाला ते शक्य नव्हते.

ब्रिटिश पलटणी गेल्यावर या ताफ्यांचे प्रयोजन सरले. निलगिरीतील उटकमंडची शिकारसंस्था तेवढी पुढेही नाव राखून राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असल्या शिकारीचा मार्गच बंद झाला. खुद्द इंग्लंड व वेल्समध्येही कुत्र्यांकरवी खोकड मारण्याची प्रथा २००४ च्या कायद्याने निषिद्ध ठरली, व तो कायदा २००५ च्या फेब्रुवारीत अमलात आला.

५

येथपर्यंतच्या विवेचनावरून घोड्याच्या उत्तरायुष्यास दोन गोष्टी लागतात असे दिसते : त्याच्या अंगी असलेल्या गुणाला साजेसे काम, आणि ते काम संपल्यावरही त्याला न सोडणारे घर. या कसोटीवर मराठ्यांची स्वतःची व्यवस्था पाहू लागलो म्हणजे आपण पुन्हा मार्गासनीच्या फाट्याशी येतो.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, राजारामाच्या आज्ञेवरून, जिंजीस लिहिली गेली. शिवाजीच्या घोडदळाची जी रचना तीत दिली आहे ती सर्वपरिचित आहे. पागेतील बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. लढणाऱ्या माणसांच्या हिशेबातच पाणी घालणारा व नाल मारणारा यांची गणना केलेली आहे, ही बाब आमच्या मते या साऱ्या रचनेची गुरुकिल्ली होय.

त्याच बखरीत पावसाळ्याची तजवीजही सांगितली आहे. आठ महिने लष्कराने परमुलखात राहावे, पावसाळ्यास स्वदेशी छावणीस यावे, आणि त्यापूर्वी गडांच्या पायथ्याशी दाणा, वैरण, औषधे, तसेच माणसांसाठी व घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे सिद्ध असावीत. दसरा होताच पुन्हा कूच करावे. ही तजवीज नकाशावर ठेवून पाहिली असता गुंजवणीच्या खोऱ्यासारख्या जागेचे महत्त्व ध्यानात येते. पाऊस येथे मुबलक, गवत विपुल, डोंगराची पाठराखण आणि वर राजगडाचा पहारा. घोडा गडाच्या माथ्यावरचा प्राणी नव्हे. त्याचे थाण पायथ्याच्या सपाटीस. मार्गासनीवरून आज जी भातखाचरे दिसतात तशा भूमीतच राज्याचे विश्रांतीचे चार महिने जात असले पाहिजेत.

पण तजवीज कागदावर असणे निराळे व ती पाळली जाणे निराळे. हे ज्याला पुरते ठाऊक होते अशा राजाचे एक पत्र सुदैवाने उपलब्ध आहे. १९ मे १६७३ या तारखेचे हे पत्र चिपळूण भागातील हलवर्ण येथे छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेले आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही धक्का लागू नये, या अर्थाच्या त्यातील ताकिदीमुळे ते प्रसिद्ध पावले, आणि ते योग्यच आहे. परंतु पत्राचा आरंभ होतो तो घोड्यांपासून. जमविलेला दाणा व वैरण आताच वाटेल तशी उधळली तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्यातील मुद्दा आहे. आणि वैरण सरली की माणसे रयतेचे लुटू लागतील, हे पुढचे अनर्थपरंपरेचे टोक.

या पत्राकडे दयाबुद्धीचा नमुना म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्यात जबाबदारीचा एक नियम सांगितलेला आहे. घोडा धावत नसताना, त्याच्याकडून कोणतेही यश मिळत नसताना, तो मेला तर तो दैवाने मेला असे म्हणण्याची मुभा राजा देत नाही. बिनकामाच्या दिवसांतील मरण हे सांभाळणाराच्या खाती मांडले आहे. विलायतेतील कुटुंबाने निवृत्त घोड्याच्या बाबतीत जे नीतीने मानले, ते येथे सरकारी हुकुमाने चार महिन्यांपुरते मानावयास लावले आहे.

तथापि पागेच्या या व्यवस्थेला मर्यादा होती. पागा हा सरकारचा हिशेब आहे. तो घोड्याला हंगामापुरता आधार देतो. पागेतील घोड्याला आळीपाळीने बारगीर मिळतात, त्याला घर मिळत नाही. शिलेदाराची स्थिती याच्या उलट. घोडा हेच त्याचे भांडवल. घोडा गेला तर त्याची चाकरी गेली, आणि चाकरीबरोबर घराची प्रतिष्ठा गेली. म्हणून शिलेदार आपला घोडा संकटात घालण्यास कचरतो, असा आक्षेप मराठ्यांच्याच नव्हे तर मोगलांच्या घोडदळावरही इतिहासकारांनी घेतला आहे. लष्करी दृष्टीने तो आक्षेप खराच आहे. पण त्याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू अशी की, घरी परतलेला शिलेदाराचा घोडा हा घरातला घोडा होता. दसऱ्यास त्याची पूजा होई, घरची माणसे त्याला चंदी घालीत. ज्या कारणाने तो रणात थोडा मागे राहिला असेल, त्याच कारणाने तो घरात टिकला.

६

इ. स. १८१७ च्या ५ नोव्हेंबरास खडकीची लढाई झाली, आणि १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीस बापू गोखले पडला. पेशवाईबरोबर मराठी घोडदळाचेही कार्य संपले. पुण्याच्या नावाने इंग्रजांनी जे घोडदळ उभारले त्यात काही स्वार सामावले गेले. पण एका राज्याच्या सबंध घोडदळास सामावून घेणे शक्यच नव्हते. एखाददुसरा घोडा नव्हे, तर एक सबंध जातच या वेळी कामातून निवृत्त झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही जात म्हणजे भीमथडी. भीमेची थडी, म्हणजे काठ, यावरून हे नाव आले. पुणे जिल्ह्यातील एका तालुक्यालाही पूर्वी हेच नाव होते. भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील ही घोडी अंगाने मध्यम, काटक, थोड्या वैरणीवर भागविणारी व दूरच्या मजला मारणारी म्हणून नावाजलेली होती. मार्गासनीजवळून वाहणारी गुंजवणी पुढे नीरेलाच मिळते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. मावळातील छावणी व थडीवरील पैदास ही एकाच पाण्यावरची दोन ठाणी होत.

पलटणींना उंच अरब व वेलर हवे होते, शर्यतीस जातिवंत थरोब्रेड. भीमथडीला यांपैकी कोठेच मान नव्हता. तिला तट्टू म्हणून संबोधण्यात येऊ लागले. असे असूनही ती नामशेष झाली नाही. तिला वाचविले ते सरकारने नव्हे, संस्थानिकांनी नव्हे, तर धनगरांनी. पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलून घाट उतरून कोकणात जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. या वाटचालीत सारे घर घोड्याच्या पाठीवर असते : भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, धान्याची गोणी, त्यावर बांधलेली कोंबडी, नुकतीच जन्मलेली कोकरे, आणि चालून दमलेले मूल. घोडा लादणे, सोडणे, त्याला हाकणे हे काम बहुधा स्त्रिया करतात. दर मुक्कामाला तोच घोडा, तीच माणसे.

विलायती प्रथेशी हे ताडून पाहिले असता साम्य उघड आहे. तेथे शर्यतीचा वेगवान घोडा मुलाला पाठीवर घेऊन सावकाश चालावयास शिकला. येथे छाप्याच्या वेगासाठी पोसलेली जात मेंढरांच्या चालीने चालावयास शिकली. तेथे घोड्याच्या पाठीवरचा स्वार लहान होत गेला. येथे स्वाराच्या जागी घर आले. फरक हा की, तेथे घोडा पाळणाऱ्याला फुरसत व शेती होती, येथे पाळणाऱ्याला घोडा नसेल तर चालताच येत नव्हते. पण दोन्ही ठिकाणी जगविणारे तत्त्व एकच : घोडा हा घरच्या माणसांच्या नित्याच्या गरजेत गुंतला गेला. भीमथडीस स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली ती अगदी अलीकडे, २०२३-२४ च्या सुमारास. दोनशे वर्षे ती नोंदीवाचून जगली, याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांनी तिच्याविषयी एक ओळही लिहून ठेवलेली नाही.

७

हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नाही. पुणे व मुंबई येथील शर्यती आजही चालू आहेत, आणि दर हंगामाअखेरीस काही घोडी धावण्यातून निघतात. काही पैदाशीस जातात. काही अश्वारोहणाच्या शाळांत व हौशी स्वारांच्या संस्थांत नवा अभ्यास शिकतात. काहींच्या वाट्यास वरातीचा बँड येतो. जातिवंत, उष्ण रक्ताच्या घोड्याला वरातीच्या गोंगाटात उभे करणे आणि त्याला थांबण्याचा अभ्यास शिकवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडात निवृत्त शर्यतीच्या घोड्यांना नव्या कामाचे शिक्षण देण्यासाठी २००० मध्ये एक स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली. शिकारीची जुनी वाट अरुंद होत असताना दुसरी वाट आधीच आखली गेली. मुंबईत २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हा त्या गाड्यांच्या घोड्यांचे व त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांचे पुढे काय, हा प्रश्न निकालाबरोबरच उभा राहिला. काम बंद करणे योग्य असेल. पण काम बंद होणे म्हणजे घोडा संपणे नव्हे, हे वारंवार विसरले जाते.

तात्पर्य, घोड्याचे उत्तरायुष्य त्याच्या पूर्वीच्या कीर्तीवर अवलंबून नसते. पुण्याच्या छावणीतला नावाजलेला घोडा बदलीच्या लिलावात नाहीसा झाला, आणि तट्टू म्हणून हिणविलेली जात घाटवाटांनी चालत राहिली. जेथे घोड्याला केवळ स्वार मिळाला तेथे तो स्वाराबरोबर सरला. जेथे घर मिळाले तेथे तो टिकला. १६७३ च्या पत्राने चार महिन्यांपुरती जी जबाबदारी कारकुनांवर घातली, ती आयुष्यभरासाठी उचलणारी माणसे प्रत्येक काळात फार थोडी असतात, आणि ती बहुधा दप्तरांबाहेरची असतात.

म्हणून घोडदळाच्या अभ्यासकाने दप्तरखान्याबरोबर धनगरवाड्यांतही गेले पाहिजे. भीमथडी घोड्यांची घरोघरी चालत आलेली नावे, त्यांच्या पिढ्यांची तोंडी वंशावळ, दुखण्यावरचे उपचार, आणि घोडा म्हातारा झाल्यावर त्याला कसे वागविले जाते याविषयीचे रिवाज ही सामग्री अद्याप माणसांच्या स्मरणात आहे. मेंढरांचे कळप कमी होत आहेत, टेंपो घाटात पोचला आहे, आणि या जातीच्या दुसऱ्या निवृत्तीचा काळ फार दूर नाही. राजगडाच्या पायथ्याशी उतरलेले बिऱ्हाड आणि त्याशेजारी पाय बांधून उभे असलेले ठेंगणे घोडे यांकडे त्या दृष्टीने पाहिले, तर मराठी घोडदळाच्या इतिहासाचे अखेरचे पान अजून चालते-फिरते आहे असे आढळून येईल.